नवव्या महिन्यात खजूर खाल्ल्याने बाळंतपण सोपं होतं का? (माहेर गुहागर, तारीख जुलै)

ओलीसुपारी | १२ जून, रात्री १०:४१

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. विभाग चुकला असेल तर हलवा.

पहिलीच वेळ. आज ३५ आठवडे पूर्ण झाले, तारीख १७ जुलै. सासर पुण्याचं, पण गेल्या आठवड्यात आईकडे गुहागरला आलेय. नाव चिपळूणच्या एका दवाखान्यात घातलंय. सगळं ठीक आहे: बीपी नॉर्मल, ग्लुकोजचं पाणी पिऊन दोन तासांनी काढलेली शुगर १२८, एचबी १०.८.

प्रश्न खजुराचा. जाऊबाई सांगतात, ३६ आठवडे झाले की रोज ६ खजूर खायचे, कळा आपोआप येतात, टाकेसुद्धा पडत नाहीत. त्या म्हणे तीन तासांत मोकळ्या झाल्या. आजी म्हणते खजूर उष्ण. डिंक, खारीक, खजूर हे बाळंतिणीचं खाणं, पोटुशीचं नाही. आई दोघींच्या मधे सापडलीय. आणि काकांनी कुवेतहून पाठवलेला दोन किलोचा डबा फडताळात बसून माझ्याकडे बघतोय.

कोणी खाल्ले आहेत का? खरंच फरक पडला का?

बोंडू | १२ जून, रात्री ११:०५

मीही याच बोटीत, ३३ आठवडे. वाचतेय.

वाशिष्ठीकाठ | १३ जून, सकाळी ७:२०

पहिल्या वेळी महिनाभर नेमाने खाल्ले, २२ तास लागले. दुसऱ्या वेळी एकही नाही खाल्ला, साडेपाच तासांत सुटले. यावरून खजूर वाईट असं कोणी काढू नका, दुसरं बाळंतपण तसंही लवकर होतं. तुझ्या जाऊबाईंचे तीन तास पहिल्या वेळचे की दुसऱ्या, ते आधी विचार.

ओलीसुपारी | १३ जून, सकाळी ७:४८

विचारलं. दुसऱ्या वेळचे. 😐

पेजेची_वाटी | १३ जून, सकाळी ९:१२

गो बाय, माका तीन पोरां. तेवा खजूर खय होतो? उकड्या तांदळाची पेज, वर चमचोभर तूप आणि दिसभर काम. आडावरसून पाणी ओढी होतंय शेवटच्या दिसापर्यंत. सगळी घराकच झाली, सुईण वाडीतलीच. पण माझी जाव तशीच गेली, रगत थांबाक नाय, होडी मिळासर उजाडला. म्हणान जुना ता सगळा सोना, असा मी म्हणूचंय नाय. खजूर खा नायतर खाव नको, हास्पिटल जवळ ठेव.

दालचिनी | १३ जून, सकाळी १०:३०

मला शेवटच्या तीन महिन्यांत शुगर निघाली होती. खजुराचं ऐकून मीही हौसेने सुरू केले, ६ मोठे, वर दूध. चौथ्या दिवशी जेवणानंतरची शुगर १७० च्या वर. डॉक्टरीणबाईंनी डबा बंद करायला लावला. पुढे आहारतज्ज्ञ म्हणाल्या की गोडाची तलफ आलीच तर दोन, तेही जेवणानंतर, सोबत चार बदाम. तुझी १२८ आहे म्हणजे तू माझ्यासारखी नाहीस, पण वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी लिहून ठेवते.

बाणकोटची_लेक | १३ जून, दुपारी १:१५

आमच्याकडे हा प्रश्नच पडत नाही. 🙂 कुराणात सूरह मरियममध्ये आहे, बीबी मरियमना खजुराच्या झाडाखाली कळा येतात, तेव्हा बुंधा हलव, ताजे खजूर पडतील, खा, पी, असं त्यांना सांगितलं जातं. त्यामुळे दिवस भरत आले की नानी उशाशी खजूर ठेवायची. मोजणी वगैरे नव्हती, एक-दोन-तीन, विषम. त्यातही खायचा तो कळा सुरू झाल्यावर, ताकदीसाठी. महिनाभर आधीपासून ६ हे मी इंटरनेटवरच पहिल्यांदा वाचलं.

बाळ झाल्यावर घरातलं मोठं माणूस खजूर चावून त्याचा जरासा रस बाळाच्या टाळूला आतून लावतं, तहनीक म्हणतात. माझ्या मुलाच्या वेळी डॉक्टरांनी हात जोडले, म्हणून मग फक्त दुआ केली.

खडपी | १३ जून, दुपारी २:०२

बायकोचा नववा लागलाय म्हणून पुरुष असून घुसतोय, माफी असावी. व्हॉट्सअ‍ॅपवर आलं की खजुरात ऑक्सिटोसिन असतं. तसं असेल तर बिस्किटासारखं औषधाच्या दुकानात का नाही विकत? शेजारच्या काकू तर एरंडेल पाजायला सांगतायत. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

सुरंगीचा_गजरा | १३ जून, रात्री ९:५०

स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, जिल्ह्यातच काम करते, म्हणून गाव सांगत नाही. शेवटचा पेशंट आत्ता गेला, सावकाश लिहिते.

६ खजुरांची गोष्ट आली जॉर्डनहून. तिथल्या एका विद्यापीठातल्या डॉक्टरांनी २००७-०८ मध्ये तारखेच्या आधीचे चार आठवडे रोज ६ खजूर खाणाऱ्या ६९ बायका घेतल्या आणि न खाणाऱ्या ४५ जणींशी त्यांची तुलना केली. २०११ मध्ये ते छापून आलं. दाखल झाल्या तेव्हा खाणाऱ्यांचं गर्भपिशवीचं तोंड सरासरी ३.५२ सेंमी उघडलेलं होतं, न खाणाऱ्यांचं २.०२. कळा आपणहून सुरू झाल्या ९६ टक्के जणींना, दुसऱ्या गटात ७९. कळांसाठी औषध लागलं २८ टक्क्यांना, दुसरीकडे ४७. एवढं वाचून कोणीही डबा उघडेल. पण कोणी खायचे आणि कोणी नाही हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नव्हतं. जी बाई महिनाभर न चुकता खजूर मोजून खाते ती रोज चालतही असेल, तपासण्याही चुकवत नसेल. फरक खजुराने पडला की बाईच्या स्वभावाने, हे त्या आकड्यांतून कळत नाही.

पुढे मलेशियात १५४ पहिलटकरणींचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एका गटाला ३७ आठवड्यांपासून रोज ७ खजूर. कळा आपणहून सुरू होण्यात फरक पडला नाही. कळा वाढवायची औषधं मात्र खजूरवाल्यांना कमी लागली. २०२० मध्ये अशा प्रयोगांची मोट बांधून पाहिली तेव्हा तोंड मऊ पडायला थोडी मदत होते असं दिसलं, सिझेरियन काही कमी झाली नाहीत, आणि पुराव्याचा दर्जा बेताचाच असा शेराही त्यात आहे. माझ्या पेशंट विचारतात तेव्हा मी म्हणते: शुगर नॉर्मल असेल तर खा, नवस म्हणून खाऊ नका.

खडपी, खजुरात ऑक्सिटोसिन नसतं. खजुरातलं काहीतरी गर्भपिशवीला त्या संप्रेरकाला जास्त साद द्यायला लावत असावं, असा एक अंदाज आहे, सिद्ध झालेला नाही. एरंडेल मात्र कृपा करून पाजू नका. जुलाब होतात, अंगातलं पाणी जातं आणि कळा आल्याच तर नको तेव्हा, नको तितक्या जोरात येऊ शकतात. ज्यांचं आधी सिझर झालंय त्यांनी तर नावच काढू नये.

आता ओलीसुपारी. एचबी १०.८ आणि "सगळं ठीक"? गरोदरपणात ११ च्या खाली म्हणजे रक्त कमीच. आणि खजुराने रक्त वाढतं यावर भिस्त ठेवू नकोस. १०० ग्रॅम खजुरात लोह जेमतेम १ मिलीग्रॅम, सरकारी लाल गोळीत ६०. गोळी चालू आहे ना? चहासोबत घेत नाहीस ना? कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी, लोहाच्या गोळीबरोबर लिंबूपाणी. बाळंतपणात थोडंफार रक्त जाणारच, ते १२ वरून जाणं वेगळं आणि १० वरून जाणं वेगळं. पेजेच्या वाटीतल्या जावेची गोष्ट मी आजही अधूनमधून बघते, होडीऐवजी फक्त जीप असते.

लोहाच्या गोळीने पोट धरून बसतं, तिथे खजूर खरंच कामाचा, चोथा भरपूर. माझ्या मते त्याचा सगळ्यात पक्का गुण हाच, पण त्याचं व्हॉट्सअ‍ॅप कोणी करत नाही.

किती? कुवेतच्या डब्यातले खजूर मोठे, मऊ, एकेक अंगठ्यापेक्षा जाड असतील तर वजन करून बघ, एकेक २० ग्रॅमच्या वर भरतो. तसे ३ पुरे. वाण्याकडचे लहान असतील तर ६. एकूण ६०-७० ग्रॅमच्या पुढे नको, तेवढ्यात ४०-४५ ग्रॅम साखर जाते. उष्ण-थंड मोजायचं यंत्र माझ्याकडे नाही, साखर मोजता येते. आजीचंही अगदीच खोटं म्हणणार नाही. खजुरावर खजूर, वर आंबे, वर फणसाचे गरे असं चाललं असेल तर जूनमध्ये कोकणातल्या गरोदर बाईला "थांब" म्हणणारं कोणीतरी हवंच.

टाके पडू नयेत म्हणून खजुराचा उपयोग झाल्याचं मी कुठे वाचलेलं नाही. त्यासाठी ३५ आठवड्यांपासून आठवड्यातून एक-दोनदा, हात स्वच्छ धुऊन, तेल लावून खालच्या भागाला आतून हलका मसाज केला तर पहिलटकरणींना फायदा होतो, टाक्यांची गरज थोडी कमी पडते. कसा करायचा ते पुढच्या तपासणीला दवाखान्यातल्या सिस्टरना विचार. लाजू नकोस, त्या लाजत नाहीत.

बाणकोटची_लेक, त्या डॉक्टरांचं बरोबर होतं, दुआ पुरे. आमच्या घरांत मध-सोनं चाटवतात त्यालाही मी असेच हात जोडते. मध वर्षभर नाही, आणि पहिले सहा महिने आईचं दूध सोडून काही नाही.

पेजेची_वाटी | १३ जून, रात्री १०:२०

डाक्टरीणबाय बरोबर बोलली. लाल गोळी घे गो.

ओलीसुपारी | १४ जून, सकाळी ६:५५

बाप रे. गोळी चालू आहे, पण सकाळच्या चहाबरोबरच घेत होते. आईने आत्ताच ती दुपारच्या सरबतावर टाकली. वजनकाट्यावर खजूर ठेवले: एक २३ ग्रॅम! म्हणजे मी ६ खाल्ले असते तर १३८. १९ तारखेपासून ३ सुरू करते. आजीला सांगितलं की डॉक्टर तुझ्या बाजूने आहेत. तिने फक्त आंब्यांचं वाक्य ऐकलं आणि अढीतले आंबे पडवीतून आतल्या खोलीत नेऊन ठेवले. घात केला तुम्ही.

बोंडू | १४ जून, सकाळी ८:३१

खारीक चालते का? आमच्याकडे खजूर कोणी आणत नाही, खारकेची पूड आहे डबाभर.

सुरंगीचा_गजरा | १४ जून, सकाळी ८:४०

प्रयोग खजुरावर झालेत. खारकेत पाणी कमी, त्यामुळे वजनाच्या मानाने साखर आणखी जास्त. दुधात चमचाभर पूड घातलीस तर काही बिघडत नाही, पण बाळंतपणाशी तिची गाठ घालू नकोस.

दर्यावर्दी | १४ जून, सकाळी ११:१८

खजुरावर सगळे बोलले, रस्त्यावर कोणीच नाही? बाई गुहागरला, दवाखाना चिपळूणला, तारीख १७ जुलै. ४०-४५ किलोमीटर, पावसात रात्री दीड तास धरा, झाड आडवं पडलं तर देव जाणे. २०२१ चा २२ जुलै मी चिपळुणात काढलाय, पहिल्या मजल्यावर. वाशिष्ठीचं पाणी चढलं तेव्हा दवाखान्यापर्यंत चालतही जाता येत नव्हतं. दरवर्षी तसं होत नाही, पण ठरवताना धरायला हवं.

माझी बहीण दाभोळची. तिचा दवाखाना खाडीच्या अलीकडे, गुहागर बाजूला होता. दिवसा धोपाव्याची फेरीबोट आहे म्हणून सगळे निर्धास्त. कळा सुरू झाल्या रात्री दोनला. तेव्हा फेरी कुठली? खाडीला पूर्ण वळसा घालून गेले. पोचले, पण गाडी चालवणारा भाऊजी आजही ती गोष्ट सांगताना पाणी मागतो.

वाशिष्ठीकाठ | १४ जून, दुपारी १२:४४

याला अनुमोदन. चिपळुणात उंचावरच्या भागात कोणी नातेवाईक असेल तर ३८ आठवड्यांनंतर तिथेच मुक्काम हलव. आशाताईचा नंबर घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये हवा. १०२ ची गाडी गरोदर बाईला सरकारी दवाखान्यात मोफत नेते, अगदीच अडलं तर १०८. दोन्ही नंबर माहीत असतात सगळ्यांना, पण घराची खूण सांगता येत नाही. "देवळाच्या मागे" सांगितलं की ड्रायव्हर विचारतो, कुठल्या? आमच्या वाडीत तीन देवळं.

खडपी | १४ जून, दुपारी १:०९

निघायचं नेमकं कधी? बायको म्हणते पोट रोज संध्याकाळी घट्ट होतं. मी दर वेळी गाडीची किल्ली शोधतो.

सुरंगीचा_गजरा | १४ जून, रात्री १०:०३

कूस बदलून, जरा चालून, पाणी पिऊन जे थांबतं ते सरावाचं दुखणं. दर पाच मिनिटांनी, तासभर, वाढत्या जोराने येतात त्या कळा. हे शहरातलं गणित झालं. घर दीड तासावर असेल तर दर दहा मिनिटांच्या कळांना निघा, वाट बघू नका.

कळा नसल्या तरी निघायचं असं: पाणी गेलं (हिरवट असेल तर चप्पलसुद्धा शोधू नका), रक्त गेलं, बाळाची हालचाल नेहमीपेक्षा मंदावली, डोकं खूप दुखून डोळ्यांपुढे काजवे चमकले किंवा बरगडीखाली दुखलं. हालचालीच्या बाबतीत "गोड खाल्लं की हलेल, खजूर देऊन बघू" हा प्रकार मी फार पाहिलाय. दोन तास त्यात जातात. तसं करू नका.

ओलीसुपारी | ३ जुलै, संध्याकाळी ६:१५

छोटी बातमी. ३८ आठवडे पूर्ण. एचबी ११.२. खजूर ३ रोज, दुपारी चारला, दाण्यांबरोबर. पोटाची तक्रार खरंच गेली. मावशी चिपळूणला चढावरच्या भागात राहते, आज तिच्याकडे आलो. आजीला आणायचं नव्हतं, पण ती पिशवी भरून पायरीवर बसलेली. दोन दिवस झाले, बाहेर कोसळतोय नुसता.

बोंडू | ३ जुलै, संध्याकाळी ६:३०

वा! मी पण मसाजबद्दल सिस्टरना विचारलं. खरंच लाजल्या नाहीत, मोठ्याने समजावलं, बाहेर बसलेल्या सगळ्यांना समजलं.

खडपी | ९ जुलै, पहाटे ४:५२

मुलगी. खजूर शून्य. दोघी छान. किल्ली फ्रीजवर होती.

ओलीसुपारी | २४ जुलै, रात्री २:३७

अभिनंदन खडपी!

आमच्याकडे १५ तारखेला मुलगा, २.९ किलो. १४ ला रात्री अकराच्या सुमारास पाणी गेलं, स्वच्छ होतं. दवाखाना सात मिनिटांवर. त्याच रात्री गुहागर रस्त्यावर झाड पडून तीन तास गाड्या अडकल्या होत्या, बाबा त्यातच होते, सकाळी उगवले.

तपासलं तेव्हा ३ सेंमी उघडलेलं. आईने माझ्याकडे असं बघितलं की जॉर्डनचा अभ्यास तिनेच केलाय. पण पहाटे चारनंतर सगळं थंडावलं, ५ सेंमीवर अडून बसलं, शेवटी सलाईनमधून कळांचं औषध लावावंच लागलं. सकाळी ११:२० ला झालं. म्हणजे साडेबारा तास. टाके तीन. डॉक्टर म्हणाल्या पहिलटकरणीच्या मानाने छान झालं. रक्त फार गेलं नाही.

आता घरात तीन पक्ष पडलेत. आई: खजुरामुळे ३ सेंमीवर पोचलीस. आजी: पेज-तुपामुळे झालं, खजुरामुळे तर अडलं. नवरा: मी रोज संध्याकाळी चालायला लावायचो (तो पुण्याहून व्हिडिओ कॉलवर "चाल, चाल" म्हणायचा, यालाच चालायला लावणं म्हणतात). मला विचाराल तर लाल गोळी आणि मावशीचं घर.

सुरंगीताई, तुम्ही नसता तर मी चहाबरोबरच गोळी गिळत बसले असते.

सुरंगीचा_गजरा | २४ जुलै, सकाळी ७:१५

खूप अभिनंदन! एका बाळंतपणावरून तीनही पक्षांना काहीच सिद्ध करता येणार नाही, पण ते आजीला सांगायला मला बोलावू नकोस. गोळी अजून सहा महिने घ्यायचीय. बाळाला अंगावर नीट घेतेस ना? दुखतंय का?

बाणकोटची_लेक | २४ जुलै, सकाळी ९:४०

मुबारक हो! डब्यात किती उरले?

ओलीसुपारी | २४ जुलै, दुपारी ३:०६

अंगावर घेतोय, डावीकडे दुखायचं, सिस्टरनी बाळाची मान कशी धरायची ते दाखवलं, आता बरं आहे.

डब्यात थोडेच उरलेत. आजीचा खजुरावरचा राग १५ तारखेला संपला, आता तो बाळंतिणीचा झाला ना! काल हळीव नारळाच्या पाण्यात भिजवले, ओलं खोबरं, गूळ आणि गुळाच्या निम्म्या जागी खजूर. पहिला लाडू तिनेच खाल्ला, "बघू, चव आलीय का."

बोंडू | २४ जुलै, दुपारी ३:११

प्रमाण दे ना. वाटीचं.

ओलीसुपारी | २४ जुलै, दुपारी ३:२०

आजी उठली की विचारते. ती, आई, बाळ तिघंही झोपलीयत. मी एकटी जागी, डब्याशेजारी.